चौथ्या कुलगुरूंचं पत्र

३ फेब्रुवारी, सोमवार

आज विद्यापीठातून बाई आल्या! खांद्याला पिशवी, पिशवीत चार रंगांची पेनं. इतिहासाच्या प्राध्यापक. विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं होतायत म्हणून कुलगुरूंचा इतिहास लिहितायत – पहिल्यापासून आत्ताच्या नवव्यांपर्यंत. म्हणाल्या, "कागद सगळे पाहून झाले, काकू. आता माणसं हवीत."

माणसं म्हणजे मी. खरं तर हे. कुलगुरूंच्या दाराबाहेर एकतीस वर्षं स्टुलावर बसले. तिसऱ्यांच्या काळात शिपाई म्हणून लागले, सातव्यांच्या काळात निवृत्त झाले. जाऊन सहा वर्षं झाली. आता स्टुलाची माहिती सांगायला उरले मीच.

बाई सगळं टिपून घेतात. मी खोकले तरी टिपलं असावं. नाव ठेवलं – टिपणबाई.

"कुलगुरू कसे होते?" म्हणाल्या. मी म्हटलं, हे त्यांना घंटीवरून ओळखायचे. तिसरे एकदाच वाजवायचे, तीही अशी की चुकून हात लागला असावा. चौथे अंगठा दाबून धरायचे, माणूस आत येऊन उभा राहिला तरी. पाचवे घंटी विसरून स्वतःच दारात यायचे. सहाव्यांना घंटीच्या आवाजाचाच त्रास. त्यांनी ती काढून टाकली आणि मग दिवसभर टाळ्या वाजवत बसले.

टिपणबाई हसून हसून लाल. जाताना म्हणाल्या, "काकांचं नाव पुस्तकात येणार. मागे आभारात नाही – आत, प्रकरणात."

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, खरंच छापून येणार? बाबांचं?"

एकतीस वर्षांत त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर आलं. तेही आडनाव चुकवून.

१० फेब्रुवारी

माझ्या हातून चहा सांडला आज. कारण लिहिते.

टिपणबाई आल्या त्याच उड्या मारत. "काकू, चौथ्यांबद्दल आजवर सगळ्यांनी चुकीचं लिहिलंय!" मी म्हटलं, "काय चुकीचं? ओरडायचे नाहीत?" म्हणाल्या, "ओरडायचे. पण आतून फार मोठा माणूस. हे ऐका." आणि एका कागदाची प्रत काढून वाचायला लागल्या –

"या खोलीत येणारा माणूस बाहेर किती वेळ उभा होता, ते आधी विचारावे. त्याचे काम नंतर विचारावे. पाहुण्यास खिडकीकडील खुर्ची द्यावी; डोळ्यांवर ऊन आले की मनुष्य थोडक्यात बोलतो. रागाच्या भरात सही करू नये, केल्यास तारीख घालू नये. आणि जो तुमच्या आधी येतो व तुमच्यानंतर जातो, त्यास नावाने हाक मारावी."

इथे कप सुटला.

टिपणबाईंना वाटलं मी गहिवरले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "हो ना? मलाही असंच झालं."

बाई गं! ते पत्र मी लिहिलंय.

११ फेब्रुवारी

हसू आवरत नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. शेजारीण म्हणाली, "बरं आहे ना सगळं?"

१२ फेब्रुवारी

आता नीट लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही, लेकीलासुद्धा नाही. पानाला सांगायला हरकत नाही.

पहिल्या कुलगुरूंनी एक पद्धत पाडली होती. जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी एक पत्र लिहायचं आणि टेबलाच्या उजव्या खणात ठेवायचं. पाकिटावर एकच शब्द – "पुढच्यास". खाली सही नाही, नाव नाही. ते म्हणायचे, माणूस माणसाला लिहीत नाही, खुर्ची खुर्चीला लिहिते. पहिल्यांनी दुसऱ्यांना लिहिलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना, तिसऱ्यांनी चौथ्यांना. पहिल्या तिघांनी मिळून चाळीस वर्षं काढली. सावकाश माणसं.

चौथे तीन वर्षांत गेले. गेले कसले, मंडळानं ठराव करून घालवलं. सकाळी ठराव, दुपारी साहेब फाटकाबाहेर. जाताना त्यांनी टेबलावरचा दौतदाणीचा संच उचलला, भिंतीवरचं घड्याळ उचललं, आणि म्हणे पडदाही ओढून पाहिला. तो निघाला नाही.

हे संध्याकाळी घरी आले ते चप्पल न काढताच बसले. "उद्या नवे येणार. खण उघडणार. आत काय आहे माहीत आहे? खोकल्याच्या गोळ्यांची डबी आणि एक बटण."

मी म्हटलं, "मग? तुमचं काय जातं?"

"माझ्या ताब्यातली खोली आहे ती," म्हणाले. "चाळीस वर्षांत खण रिकामा गेला नाही. माझ्या पाळीत कसा जाईल?"

असा माणूस! दाराबाहेर बसायचा, पण खोली त्याची.

हे चौथीपर्यंत शिकलेले. सही करायचे तीसुद्धा श्वास रोखून. मी तर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण हे चूल पेटवायला कुलगुरूंच्या कचरापेटीतले कागद आणायचे – फाटकी परिपत्रकं, चुकलेली पत्रं. जाळायच्या आधी मी ते बघत बसायची. शेजारणीच्या मुलीकडून अक्षरं घेतली, बाकी कागदांनी शिकवलं. मी पहिलं अख्खं वाक्य वाचलं ते असं – "उपरोक्त विषयाबाबत आपले दुर्लक्ष झाल्याचे निदर्शनास आले आहे." किती आनंद झाला होता! आठ दिवस ह्यांना तेच ऐकवत होते, भाजीत मीठ जास्त झालं तरी.

पुढे ग्रंथालयातून रद्द झालेली पुस्तकं आली, आणि मी वाचतच सुटले. पण लिहायची भाषा मात्र कुलगुरूंचीच राहिली.

तर मी म्हटलं, "कोरा कागद आहे का?"

अर्ध्या तासात झालं. ह्यांनी वाचून घेतलं, पाकीट चिकटवलं, सकाळी साफसफाईच्या वेळी खणात ठेवलं. पाचव्यांनी ते वाचलं. दार उघडून बाहेर आले आणि ह्यांना म्हणाले, "तुमचं नाव काय?"

त्या दिवशी हे घरी आले ते नवरदेवासारखे.

आता कळलं, पाचव्यांनी आधीची तीन कपाटातून शोधून काढली आणि ती चारही पत्रं जुन्या कागदांच्या खोलीत जपून ठेवायला दिली. आणि टिपणबाईंना सापडली. अक्षर? टिपणबाई म्हणतात, चौथ्यांच्या हातचं दुसरं काही मिळतच नाही. सगळं टाइप केलेलं, खाली नुसती सही. आणि पत्रावर सही नसते. मग पत्र चौथ्यांचंच!

१९ फेब्रुवारी

हसू गेलं.

पेपरात पत्र छापलंय. वर चौथ्यांचा फोटो. खाली बातमी – नव्या वाचनालयाला त्यांचं नाव देण्याचा प्रस्ताव. "उपेक्षित द्रष्टा", असं लिहिलंय. चौथे अजून आहेत म्हणे. एक्याण्णव वर्षं. बातमीदारानं पत्राबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "त्या पत्राबद्दल मला काही म्हणायचे नाही." ह्याला पेपरवाल्यानं नाव दिलंय – विनय!

विनय!

या माणसानं ह्यांना तीन वर्षं "ए" म्हटलं. नुसतं "ए". एकदा चहा गार होता म्हणून कुंडीत ओतला आणि रिकामा कप ह्यांच्या हातात दिला. "धर." मंडळाची सभा चालू होती. सभा संपेपर्यंत हे कप धरून उभे. दोन तास. सगळे येत-जात बघत होते. घरी येऊन हे हसत हसत सांगत होते. मी हसले नव्हते.

आणि आता त्याचं नाव वाचनालयाला. माझ्या पत्रामुळे!

२१ फेब्रुवारी

टिपणबाई एक फॉर्म घेऊन आल्या. मुलाखत छापायला संमती. "इथे स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहा, काकू." पिशवीत त्या पत्राची प्रत, आणि पुढ्यात माझं अक्षर मागतायत!

माझ्या तोंडून गेलं – "मला कुठं लिहिता येतं, बाई."

त्यांचा चेहरा इतका कनवाळू झाला. स्वतःच लिहिलं, मी अंगठा उमटवला. नशीब, पुस्तकांचं कपाट बंद होतं! शाई पुसायला त्यांनी त्यांचा रुमाल दिला. बिचारी.

गेल्यावर बोट धुताना आधी हसले, मग वाईट वाटलं. चाळीस वर्षं वाचून शेवटी अंगठा.

२४ फेब्रुवारी

विचार करून डोकं शिणलं.

खरं सांगितलं तर चौथ्यांचं नाव जाईल. छान. पण मग ह्यांचं काय? बनावट पत्र कुलगुरूंच्या खणात ठेवणारा शिपाई! पुस्तकात नाव येईल ते असं येईल. लेक रोज विचारते, "आई, कधी छापणार?" तिनं सासरी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

नाही सांगितलं तर कप ओतणारा द्रष्टा, आणि त्याच्या नावाच्या वाचनालयात पोरं बसणार.

हे असते तर विचारलं असतं. निवृत्तीनंतर दुपारी मी ह्यांना पेपर वाचून दाखवायचे. "हळू, हळू. पळतेस कुठं?" म्हणायचे. आता कुणी हळू म्हणत नाही. पेपर दहा मिनिटांत संपतो.

२७ फेब्रुवारी

गेले! सरळ चौथ्यांच्या घरी गेले.

सुनेनं दार उघडलं. म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही हं. मोठ्यानं बोला." मला बसवून आत गेली.

खुर्चीत एवढासा म्हातारा. गळ्याशी बंद केलेला सदरा, त्याच्यात मान हलतेय. ह्याच्या घंटीनं मजला हादरायचा?

मी मोठ्यानं म्हटलं, "ते पत्र तुम्ही लिहिलेलं नाही!"

"हळू बोला," म्हणाले. "सून आत आहे."

म्हणजे ऐकू येतं! सोयीपुरतं.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला. मग म्हणाले, "त्या खणात मी काय ठेवलं होतं ते मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे. खोकल्याच्या गोळ्या."

"आणि एक बटण," म्हणाले. मग – "म्हणजे त्यानं लिहिलं? तो बाहेर बसायचा तो?"

मी तोंड उघडलं होतं. अगदी "मी" म्हणायला. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं – ह्यांच्याबद्दल बोलताना पहिल्यांदाच कुणीतरी एवढं चकित झालेलं पाहिलं.

"त्याला लिहिता येत होतं?"

"तुम्ही कधी विचारलंत?" मी म्हटलं. खोटं नाही बोलले. खरंही नाही.

मी भांडायला गेले होते. कपाबद्दल सगळं बोलले. त्यांना आठवत नव्हतं. ह्याचाच जास्त राग आला – ज्यानं ओतला तो विसरला, ज्यानं धरला त्याच्या बायकोला तेहतीस वर्षं आठवतंय! ते म्हणाले, "केलं असेन. मी तसाच होतो."

मग म्हणाले, "बाई, माझी नात बारा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. पेपरात पत्र वाचून तिनं फोन केला. म्हणाली, आजोबा, तुम्ही असे होतात हे मला माहीतच नव्हतं." चष्मा पुसला. "मलाही नव्हतं. एवढं राहू द्या माझ्याकडे. फार दिवस नाही ठेवणार."

मी उठले. दारापर्यंत गेले. परत फिरले. म्हटलं, "एका अटीवर. समारंभात व्यासपीठावरून ह्यांचं नाव घ्यायचं. मोठ्यानं. आडनावासकट."

"घेतो," म्हणाले. "काय नाव होतं त्याचं?"

तीन वर्षं! मी नाव सांगितलं. घरात ह्यांना नावानं हाक मारायची वेळच कधी आली नाही. परक्या दिवाणखान्यात ते शब्द तोंडून निघाले आणि मलाच कसंतरी झालं.

२ मार्च

चौथ्यांचा फोन. "पाठ केलंय. ऐका." आडनाव चुकवलं. मी म्हटलं, "पुन्हा."

३ मार्च

पुन्हा फोन. आडनाव बरोबर, नाव चुकलं. मी म्हटलं, "कुलगुरू कसे झालात हो तुम्ही?" पलीकडून पहिल्यांदा हसू ऐकलं.

७ मार्च

बरोबर! दोनदा म्हणून घेतलं. मग उगीच तिसऱ्यांदाही.

१५ मार्च, शनिवार

समारंभ. लेक माझ्या शेजारी, नवी साडी. सभागृह भरलेलं. चौथ्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. पहिल्या रांगेत एक पोरगी सारखी त्यांच्याकडे बघून हात हलवत होती. तीच नात असणार.

नवव्या कुलगुरू – बाई आहेत, आवाज गोड – त्यांनी पत्र पूर्ण वाचून दाखवलं. माझे शब्द, माइकवर, हजार माणसांत! खिडकी आणि उन्हाच्या वाक्याला हशा, नावानं हाक मारण्याला टाळ्या. मी ओठ घट्ट मिटून बसले. लेकीला वाटलं मला बरं नाही. पाणी देत होती.

मग चौथ्यांच्या हातात माइक दिला. त्यांनी खिशातून कागद काढला, पाहिला, घडी करून परत ठेवला.

"माझ्या दाराबाहेर तीन वर्षं एक माणूस बसत होता," म्हणाले. आणि नाव घेतलं. आडनावासकट. एकही अक्षर न चुकता. लेकीनं माझं मनगट पकडलं.

ठरलं होतं ते झालं. मी सुटकेचा श्वास टाकला. पण ते थांबेनात.

"मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. एकदा सगळ्यांसमोर त्याच्या हातात रिकामा कप देऊन दोन तास उभं केलं. आणि मी गेलो त्या दिवशी खणात काहीही ठेवलं नव्हतं. हे पत्र माझं नाही. त्याचं आहे. विद्यापीठाची रीत मोडू नये म्हणून त्यानं माझ्या जागी लिहिलं. माझं नाव कुठंही देऊ नका. द्यायचं तर त्याचं द्या."

इतकी शांतता की टिपणबाईंची चारही पेनं खाली पडली ती ऐकू आली.

मग टाळ्या. माणसं उठून उभी राहिली. नवव्या बाई खाली उतरून माझ्याजवळ आल्या, माझे हात हातात घेतले. मी उभी राहिले. काय करणार? हात जोडले.

लेक हमसून रडत होती. "आई, बाबांना असं लिहिता यायचं? मला कधी सांगितलंच नाही गं त्यांनी!"

माझ्या जिभेवर होतं. दातांत जीभ धरली, अक्षरशः.

नंतर चौथ्यांच्या खुर्चीजवळ गेले. म्हटलं, "हे कुठं ठरलं होतं? ठेवून घेणार होतात ना?"

"नात समोर बसली होती," म्हणाले. "तिच्यापुढे दुसऱ्याचा कोट घालून बसवेना." नातीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. काढला नव्हता.

१६ मार्च

राग आलाय. कुणाचा ते कळत नाही. ह्यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, "मजा आहे तुमची! स्टुलावर बसल्या बसल्या लेखक झालात." फोटोतसुद्धा तेच हसू, कपाच्या दिवशीचं.

२९ मार्च

ठराव झाला. वाचनालयाला ह्यांचं नाव. दारावर पाटी लावणार. आडनाव तपासायला दोनदा फोन आला – टिपणबाईंनी करायला लावला.

लेकीनं पेपरातलं कात्रण चौकटीत बसवून आणलं. मी तिला जवळ घेतलं. तिला वडिलांचा इतका अभिमान वाटताना मी कधी पाहिलं नव्हतं. आता ते पत्र मी परत कसं मागू?

दिलं. कायमचं दिलं.

५ एप्रिल

टिपणबाईंनी चौथं प्रकरण वाचून दाखवलं. पूर्ण नवं लिहिलंय, निम्मं ह्यांच्यावर. फार छान. एका जागी आहे – "त्यांच्या पत्नी निरक्षर असल्या तरी पतीच्या आठवणी त्यांनी निष्ठेने जपल्या."

मी म्हटलं, "वा."

९ एप्रिल

टिपणबाईंचा फोन. "काकू, एवढं सुंदर लिहिणारा माणूस एकाच पत्रावर थांबला नसेल. काकांनी आणखी काही लिहून ठेवलंय का हो? शेवटी जोडता येईल."

म्हटलं, "एक वही आहे वाटतं. चार दिवस द्या."

बाजारात जाऊन कोरी वही आणली. पहिली ओळ झाली – "आमची ही माझ्यापेक्षा हुशार आहे, पण हे तिला कळू द्यायचे नाही."